पंचावन्नच्या पुढे न जाणारा आकडा

"सर, वजन येतंय. पण पंचावन्नच्या पुढे जातच नाही."

फोनवरचा मुलगा नवा होता. डिप्लोमा करून पॅनेल बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत नुकताच लागलेला. ठाण्यातल्या एका कारखान्यात तीन पायांच्या हॉपरखाली वजन मोजणारे, एकेक टनाचे तीन लोड सेल बसवले होते. त्यांच्या तारा त्याने थेट पीएलसीच्या, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरच्या, शून्य ते दहा व्होल्टच्या अ‍ॅनालॉग कार्डात जोडल्या होत्या. कार्ड व्होल्ट मोजतं, सेल व्होल्ट देतो, मग मध्ये आणखी एक पेटी कशाला विकत घ्यायची, असा मालकाचा सवाल होता. आणि नव्या मुलासाठी मालकाचा सवाल म्हणजे हुकूमच.

पेटी का लागते, ते त्या पंचावन्नमध्येच दडलेलं होतं. बहुतेक लोड सेलच्या कागदावर '२ मिलिव्होल्ट प्रति व्होल्ट' असं लिहिलेलं असतं. सेलला दहा व्होल्ट दिले, तर पूर्ण वजन पडल्यावर तो परत देणार फक्त २० मिलिव्होल्ट. तिन्ही सेल समांतर जोडलेले, म्हणून तीन टनांनाही २० मिलिव्होल्टच, म्हणजे एका किलोच्या वाट्याला जेमतेम ६.७ मायक्रोव्होल्ट. इकडे सीमेन्सचा पीएलसी दहा व्होल्टचे २७,६४८ भाग करतो. एक भाग होतो ०.३६ मिलिव्होल्टचा, आणि २० मिलिव्होल्टमध्ये असे भाग बसतात पंचावन्न. हॉपर काठोकाठ भरलं तरी आकडा ५५. एका भागाचं वजन साधारण ५४ किलो. एखादा सडपातळ हेल्पर हॉपरमध्ये उतरून बसला, तरी पीएलसीला पत्ता लागणार नाही.

हे सगळं ऐकून मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारलं, "म्हणजे सर, पीएलसी बरोबर आहे?"

बरोबर आहे. हे दोन शब्द लोड सेल पीएलसीला जोडून देण्याच्या या धंद्यात फार वेळा उच्चारावे लागतात. फोन येतो तो 'पीएलसी बिघडला' असाच, कारण कारखान्यात सगळ्यात महाग आणि सगळ्यात कमी कळणारी वस्तू तीच असते. बिघाड मात्र बहुतेक वेळा पॅनेलच्या दाराबाहेर सापडतो. कधी तारेत, कधी पाइपात, कधी पावसाच्या पाण्यात. कधी माणसांतही.

सेलच्या पोटात काय असतं, हेही थोडक्यात सांगायला हवं. पोलादाचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा एक ठोकळा, त्यावर चिकटवलेल्या बारीक फॉइलच्या चार पट्ट्या. वजन पडलं की ठोकळा डोळ्यांना दिसणार नाही इतका वाकतो, पट्ट्या ताणल्या किंवा दाबल्या जातात आणि त्यांचा रोध किंचित बदलतो. तो बदल पकडायची चौकट 'व्हीटस्टन ब्रिज' म्हणून शाळेत शिकवतात. ती मुळात सॅम्युअल हंटर ख्रिस्ती यांनी १८३३ मध्ये मांडली, आणि व्हीटस्टन यांनी दहा वर्षांनी ती लोकांपुढे आणली. नाव मात्र व्हीटस्टनचंच राहिलं. चिकटवायच्या पट्टीची कल्पना १९३८ च्या सुमारास अमेरिकेत दोन ठिकाणी वेगवेगळी जन्मली, एक कॅलटेकमध्ये एडवर्ड सिमन्स यांच्याकडे आणि दुसरी एमआयटीत आर्थर रूज यांच्याकडे. रूज भूकंपात उंच पाण्याच्या टाक्यांवर किती ताण येतो ते तपासत होते. असं सांगतात, की या शोधातून फारसा पैसा निघेल असं एमआयटीला वाटलं नाही, म्हणून हक्क रूज यांच्याकडेच राहू दिले. आज किराणा दुकानाच्या काट्यापासून ट्रकच्या वजनकाट्यापर्यंत सगळीकडे तीच पट्टी आहे.

पीएलसीचा जन्म वेगळ्याच घरातला. १ जानेवारी १९६८ ची तारीख घातलेलं टिपण लिहून डिक मॉर्ली यांनी त्याची कल्पना मांडली. आदल्या रात्रीच्या पार्टीचा अंमल पुरता उतरला नव्हता, हे ते स्वतःच हसत सांगत. त्यातून आलेल्या यंत्राचं नाव मॉडिकॉन ०८४, कारण त्यांच्या कंपनीचा तो चौऱ्याऐंशीवा प्रकल्प होता. जनरल मोटर्सला भिंतभर रिलेंच्या जंजाळातून सुटायचं होतं, चालू की बंद एवढंच यंत्राला कळायला हवं होतं. मायक्रोव्होल्ट मोजायचं काम या यंत्राच्या पत्रिकेतच नव्हतं. म्हणून दोघांच्या मध्ये मध्यस्थ लागतो. तो कधी वजनाचा इंडिकेटर असतो, कधी ४ ते २० मिलिअँपिअर देणारा ट्रान्समीटर, तर कधी सीमेन्सच्या सिवारेक्ससारखं पीएलसीच्या शेजारीच बसणारं वजनाचं खास कार्ड. मालकाला तो खर्च वाटतो. त्या मुलाच्या मालकाने शेवटी इंडिकेटर घेतला, पण घासाघीस करूनच.

ठाण्यातल्या माजिवड्यात राहणं या धंद्याला सोयीचं आहे. नाक्यावरून घोडबंदर रोडला वळलं की वसई-बोईसरची वाट, महामार्गाने सरळ गेलं की भिवंडी, कळव्याकडून खाली उतरलं की ऐरोली-तुर्भे-तळोजा, आणि कल्याण-डोंबिवली-अंबरनाथ तर रोजचंच. पूर्वी इतकं फिरावं लागत नसे. १ ऑगस्ट १९६२ ला एमआयडीसीचा कारभार सुरू झाला तोच वागळे इस्टेटमधून. रेमंड, सँडोझ, व्होल्टास असे मोठे कारखाने ठाण्यातच होते. आता रेमंडच्या आणि कोलशेतच्या सँडोझच्या आवारात टॉवर उभे आहेत. मोठी गिऱ्हाइकं लांब गेली, पण पॅनेल बांधणारे, इंडिकेटर दुरुस्त करणारे, ग्लँड-लग-फेरूल विकणारे अजून वागळेच्या गाळ्यांमधून टिकून आहेत. सामान खांद्यावर घेऊन सकाळी नाक्यावर यायचं आणि मेट्रोच्या खांबांखालच्या कोंडीतून वाट काढत कुठल्यातरी दिशेला सुटायचं. कोंडीत अडकलेलं असताना फोनवरच निम्मी दुरुस्ती उरकते.

अशाच एका फोनवर भिवंडीच्या बाजूचे ऑपरेटर काका होते.

"नाय वो साहेब, आकडा नाचताय. कालपर्यंत चांगला होता."

"काका, मोटर बंद असताना पण नाचतो का?"

"मोटर बंद केली तर गप बसतो. पण मोटर बंद करून माल कसा बनवायचा?"

प्रश्न रास्त होता, आणि रोगही त्यातच सांगितला होता. ढवळणीच्या मोटरला आदल्या आठवड्यात नवा ड्राइव्ह बसवला होता. ड्राइव्हपासून मोटरकडे जाणारी केबल वायरमनने लोड सेलच्या केबलच्या ट्रेमध्येच टाकली होती. दोन्ही केबली टाय मारून शेजारी शेजारी इतक्या नीट बांधल्या होत्या, की फोटो काढून कॅटलॉगमध्ये छापावा. ड्राइव्ह सेकंदाला हजारो वेळा व्होल्टेज चालू-बंद करतो, त्याच्या शेजारून मायक्रोव्होल्ट निघालेत. नाचणारच. लोड सेलची केबल वेगळ्या पाइपातून नेली, शील्ड दोन्ही टोकांना अर्थ केलेलं होतं ते एका टोकाला सोडवलं, आणि आकडा बसला. वायरमनला मात्र ते आवडलं नाही. "एवढं ड्रेसिंग केलं होतं," तो म्हणत राहिला.

वायरमनच्या टापटिपीने झालेलं दुसरं नुकसान तर आकड्यात सहज दिसतही नाही. चार तारांच्या लोड सेलबरोबर जी केबल येते, ती धरूनच कारखान्यात त्याचं माप लावलेलं असतं. केबलचा रोध त्या मापाचाच भाग. तीन मीटर जास्तीची केबल गुंडाळून ठेवलेली पाहवत नाही, म्हणून कोणीतरी प्रत्येक सेलची केबल लागेल तेवढीच ठेवून बाकीची कापून टाकतो. मग चारही कोपरे थोडे थोडे वेगळे बोलू लागतात. लांब पल्ल्यासाठी सहा तारांचा सेल घ्यावा. त्यातल्या दोन जादा तारा सेलपर्यंत नेमके किती व्होल्ट पोहोचले ते परत येऊन सांगतात आणि इंडिकेटर त्या हिशेबाने चूक भरून काढतो. डोंबिवली एमआयडीसीत जिथे सॉल्व्हंटची वाफ असते, तिथे ठिणगी पडू नये म्हणून तारांमध्ये झेनर बॅरिअर घालावे लागतात. बॅरिअरमध्येच व्होल्ट खाल्ले जातात. तिथे सहा तारा नसतील तर कॅलिब्रेशनच्या नादीच लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तारांच्या रंगांवरून तर साइटवर भांडणं झालेली पाहिली आहेत. आपल्याकडच्या पुष्कळ सेलमध्ये लाल-काळी म्हणजे पुरवठा, हिरवी-पांढरी म्हणजे सिग्नल. जर्मन एचबीएमच्या सेलमध्ये पुरवठा निळ्या-काळ्यावर आणि सिग्नल पांढऱ्या-लालवर. तिथे लाल म्हणजे सिग्नलचं ऋण टोक! एका ठिकाणी जर्मन सेल गेला म्हणून देशी आणला आणि मेंटेनन्सच्या फिटरने रंगाला रंग जोडला. इंडिकेटरवर 'ओव्हर' येऊन थांबलं. सगळे ठरवून बसले, की देशी माल तो देशी माल. मल्टिमीटर काढला. सुट्या सेलच्या चार तारांच्या सहा जोड्या होतात. सगळ्यात जास्त रोध दाखवते ती पुरवठ्याची जोडी, साधारण ३८० ते ४१० ओहम. त्याखालोखाल ३५० ओहमची सिग्नलची जोडी. उरलेल्या चार जोड्या यांच्यापेक्षा कमी. पाच मिनिटांचं काम. रंग पाहायचा तो कागदावर लिहिलेला, तारेवरचा नाही. आणि कागद हरवला असेल (हरवलेलाच असतो), तर मीटर. देशी सेल निमूटपणे लागला आणि चालला.

जून उजाडला की आमच्या धंद्याचा हंगाम सुरू होतो. ठाण्याचा पाऊस तिरपा येतो आणि ग्लँडमधून आत शिरतो. चार सेलच्या तारा जिथे एकत्र येतात त्या जंक्शन बॉक्सच्या वरच्या बाजूने केबल घेतली असेल, तर ती पन्हळीसारखं काम करते. आत थेंब साचतो, बोर्डवर ओल धरते, आणि रिकाम्या टाकीचा आकडा सकाळी एक तर दुपारी दुसरा. ऊन पडलं की रोग आपोआप बरा होतो, म्हणून मेंटेनन्सवाले बोलवायचं टाळतात. इंजिनिअर पोहोचेपर्यंत सगळं ठणठणीत. एका प्लांटमध्ये तर ऑपरेटरने रोज सकाळी झिरोचं बटण दाबायचा नेम धरला होता, देवाला फूल वाहावं तसा. त्यामुळे हळूहळू सरकत गेलेला झिरो कोणाच्या नजरेत आलाच नाही, आणि आला तेव्हा इंडिकेटर झिरो घ्यायलाच नाकारत होता. बॉक्स उघडला तर आत मुंग्यांनी घर केलेलं. बोर्ड साफ करून गरम हवेने वाळवला, सिलिका जेलची पुडी टाकली, केबल खालून घेतली आणि आत शिरण्याआधी तिला खाली झोळ दिला, की पाणी तिथूनच गळून जावं. या कामाला इंजिनिअर लागत नाही. पण बॉक्स शिडी लावून उघडायचा असतो आणि पाऊस पडत असतो.

वेल्डिंगचा किस्सा लहान आहे. रात्रपाळीला फॅब्रिकेटरने हॉपरला एक ब्रॅकेट जोडला. वेल्डिंगची अर्थ त्याने खालच्या स्ट्रक्चरला लावली, कारण ती जवळ होती. शेकडो अँपिअर करंट वरून खाली गेला तो वाटेतल्या लोड सेलमधून. सकाळी रिकाम्या हॉपरचं वजन १४० किलो. सेलला बगल देणारी तांब्याची एक लवचीक पट्टी लावलेली असती, तर बराचसा करंट तिथून गेला असता. आणि अर्थचा चिमटा वेल्डिंगच्या जागेजवळच, हॉपरलाच लावला असता तर प्रश्नच नव्हता. पट्टी काही शे रुपयांची, सेल हजारोंचे. तरीही पुढच्या ऑर्डरमध्ये पट्टी नसते. परचेसवाल्याला ती 'अ‍ॅक्सेसरी' वाटते.

आता पाइपाची गोष्ट. ही मला सगळ्यात आवडते, कारण तिच्यात विजेचा काहीच दोष नव्हता.

एका रंगाच्या कारखान्यात मिक्सिंगची टाकी होती. सकाळची बॅच बरोबर यायची, दुपारची कमी भरायची. कमी म्हणजे, आकडा सांगायचा की हजार किलो झाले, आणि ड्रमांमध्ये ओतल्यावर भरायचे हजाराहून कमी. दोन पाळ्यांच्या सुपरवायझरांत जुंपली होती, सकाळचा म्हणायचा, दुपारवाला माल लपवतो. पीएलसी बदलायचं कोटेशन मागवून झालं होतं. सेल तपासले, चारही निरोगी. केबल, बॉक्स, इंडिकेटर, सगळं जागच्या जागी. टाकीच्या कडेवर २० किलोचं प्रमाण वजन ठेवलं. सकाळी २० दाखवलं. दुपारी तिथेच ठेवलं, दाखवले १७.

मग टाकीभोवती नुसती चक्कर मारली. वरून गरम तेलाच्या जॅकेटला जाणारा दीड इंची लोखंडी पाइप, भिंतीतून निघून सरळ टाकीत घुसलेला, दोन्हीकडे फ्लँजने आवळलेला. टाकीचं ओझं थोडं सेलवर आणि थोडं त्या पाइपावर. सकाळी पाइप थंड असायचा. दुपारपर्यंत तापून लांबायचा आणि टाकीला खाली दाबायचा. टाकीला वाटायचं माल आला, आकडा चढायचा, पीएलसी व्हॉल्व्ह बंद करायचा. त्यात वर ठेवलेलं नवं वजनही पाइप थोडं आपल्या अंगावर घ्यायचा, म्हणून २० चे १७. काट्यावर ठेवलेली वस्तू काट्याशिवाय कशालाही टेकलेली नसावी, हे भाजीवालीलाही ठाऊक असतं. मोठ्या टाकीच्या बाबतीत मात्र अख्खी डिझाइनची टीम ते विसरते.

पाइपाचा तुकडा कापून तिथे लवचीक होज आडवी टाकली. दोघे सुपरवायझर काम पाहायला शेजारी शेजारी उभे होते. दुपारच्या पाळीवाल्याने आवाज चढवून विचारलं, "आता सांगा, माल कोण लपवत होता?" सकाळचा म्हणाला, "तो पाइप."

इंडिकेटर ते पीएलसी हा शेवटचा टप्पा अलीकडे बहुतेक मॉडबसवर असतो. दोन तारा, आरएस-४८५. त्यात '+' आणि '–', किंवा 'ए' आणि 'बी', प्रत्येक कंपनीने आपल्या मर्जीने ठरवलेले. संपर्कच झाला नाही तर आधी दोन तारा उलटवून बघायच्या, लाज वाटून घ्यायची नाही. संपर्क झाला तर दुसरी गंमत. वजन बत्तीस बिटांचं, मॉडबसचं रजिस्टर सोळा बिटांचं, म्हणून एक वजन दोन रजिस्टरांत तुटून येतं. आधी कुठला तुकडा, यावर एकमत नाही. अंबरनाथला एका स्क्रीनवर टाकीचं वजन ८,१९,२०,००० किलो आलं होतं. मालक हात जोडून म्हणाला, "एवढा माल विकला गेला तर बरंच आहे." टाकीत होते १२५० किलो. १२५० ला ६५,५३६ ने गुणलं की तोच आकडा येतो. दोन तुकड्यांची अदलाबदल केली आणि टाकी जमिनीवर आली.

पण नाचणाऱ्या किंवा कोटींत जाणाऱ्या आकड्याची मला भीती वाटत नाही. तो निदान ओरडून सांगतो. भीती शांत आकड्याची.

ठाण्याच्या आसपास आरएमसीचे, म्हणजे तयार काँक्रीटचे प्लांट बरेच आहेत. टॉवर, उड्डाणपूल, मेट्रो, सगळ्यांची भूक मोठी. तिथे सिमेंट, खडी, वाळू, पाणी वेगवेगळ्या हॉपरांत तोललं जातं. आयएस ४५६ प्रमाणे सिमेंटच्या तोलात दोन टक्क्यांपर्यंत आणि खडी-पाण्यात तीन टक्क्यांपर्यंत फरक चालतो. एका घनमीटरला ३८० किलो सिमेंट धरलं, तर चुकायची मुभा साडेसात किलोंची. सायलोतून सिमेंट आणणारा स्क्रू कन्व्हेयर सेकंदाला दहा किलो टाकतो असं समजा. थांब म्हटल्यावरही वाटेतलं सिमेंट पडतच राहतं, म्हणून पीएलसी आधीच, समजा ३७० ला, हुकूम देतो. उरलेलं हवेतून येऊन पडतं.

एका प्लांटमध्ये थरथरीमुळे आकडा दोन-तीन किलो इकडे-तिकडे व्हायचा. ऑपरेटरची तक्रार आली, तेव्हा कोणीतरी इंडिकेटरमधलं फिल्टर वाढवून दिलं. आकडा इतका संथ झाला, की बघणाऱ्याचं समाधान व्हावं. सगळ्यांनी वाहवा केली. महिन्याअखेरीला स्टोअरकीपर कपाळाला हात लावून आला. बॅचचे छापील कागद सगळे नेमके, प्रत्येकावर ३८०, एखाद्यावर ३८१. तरीही सायलो हिशेबाआधी रिकामा. ट्रकवाल्यांवर संशय, सिमेंट कंपनीवर संशय, आणि शेवटी, अर्थातच, पीएलसीवर.

झालं होतं असं. फिल्टर म्हणजे मागच्या काही आकड्यांची सरासरी. सरासरी मोठी केली की आकडा शांत होतो, पण मागे पडतो. इथे तो दोनेक सेकंद मागे पडला होता. स्क्रीनवर ३७० दिसायचे तेव्हा हॉपरात खरे ३९० झालेले असायचे. थांबायचा हुकूम वीस किलो उशिरा. आणि बॅचच्या कागदावरचं वजन टिपलं जायचं ते कन्व्हेयर थांबल्यावर लगेच, आकडा मागून चढत येण्याआधी. म्हणजे चूक करणारा आणि साक्ष देणारा एकच. प्रत्येक घनमीटरमागे वीस किलो सिमेंट जास्त, पाच टक्क्यांहून अधिक, आणि कागद स्वच्छ. काँक्रीट काही कच्चं झालं नाही, उलट जास्तच पक्कं झालं असेल, पण मालकाला त्याचं कौतुक नव्हतं.

उपाय स्वस्त होता. फिल्टर पूर्ववत केलं, थरथरीसाठी हॉपरच्या व्हायब्रेटरचा सैल बोल्ट आवळला, शेवटचे काही किलो स्क्रू हळू फिरवून टाकायचे ठरवलं, आणि वजन टिपायचं ते आकडा स्थिर झाल्याची खूण इंडिकेटरने दिल्यानंतरच. पहिल्या दिवशी कागदांवर ३७८, ३८३, ३७९ असे आकडे आले. ऑपरेटर नाराज. "आधी कसं एकदम बरोबर यायचं," तो म्हणाला. आजही मला बॅचच्या कागदांवर सगळीकडे नेमका आकडा दिसला, की मी आधी फिल्टर उघडून बघतो.

आता थोडं नाजूक. "साहेब, तुमच्याकडे लॅपटॉप आहेच. दोन किलो इकडेतिकडे करता येईल का?" हा प्रश्न हळू आवाजात, चहा आल्यावर विचारला जातो. येतं करता. पीएलसीत वजन शेवटी एका गुणाकारातून येतं, १.००० च्या जागी १.००४ लिहिलं की झालं. काटा मारायला पूर्वी पारड्याखाली चिंच चिकटवत, आता दशांश चिन्हानंतरचा तिसरा आकडा पुरतो. म्हणूनच ज्या वजनावर पैसे द्यायचे-घ्यायचे, ते पीएलसीतून घेऊच नये. वैधमापन कायदा २००९ चा आहे. वैधमापन शास्त्र खात्याचा निरीक्षक इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी तपासतो, मुद्रा करतो आणि कॅलिब्रेशनपर्यंत हात जाऊ नये म्हणून सील लावतो. सील इंडिकेटरला लागतं, पीएलसीच्या प्रोग्रामला नाही. कारखान्याच्या आत किती रंगात किती पावडर टाकायची, हा मालकाचा घरचा मामला. फाटकावरचा काटा मात्र घरचा नाही. उसाच्या हंगामात साखर कारखान्यांच्या काट्यांवरून दर वर्षी रान पेटतं आणि भरारी पथकं फिरतात, ती याचसाठी. चहा पिऊन होतो आणि मी सांगतो, की फाटकावरचा आकडा पीएलसीला वाचता येईल, लिहिता येणार नाही. काही गिऱ्हाइकं मग पुन्हा फोन करत नाहीत.

सगळं जुळल्यावर उरतं कॅलिब्रेशन, म्हणजे वजनं चढवणं. वीस-वीस किलोची ओतीव लोखंडी वजनं दोन मजले वर न्यायची, चारही कोपऱ्यांवर ठेवून बघायची, जंक्शन बॉक्समधले ट्रिम फिरवायचे, परत उतरवायची, परत चढवायची. टाकी पाच टनांची असली तर तेवढी वजनं कोणाकडेच नसतात. मग अर्ध्या टनाची वजनं ठेवायची, आकडा लिहायचा, ती उतरवून तेवढ्याच आकड्यापर्यंत पाणी भरायचं, त्यावर पुन्हा वजनं. दिवस जातो. हे काम माथाडी करतात, आणि आकड्याबद्दलची त्यांची समज पुष्कळ इंजिनिअरांपेक्षा बरी असते. तळोज्याला एकदा तिसऱ्या फेरीला आकडा ४९९.५ वर अडला. मी म्हटलं, पुन्हा उतरवू या. मुकादमाने खांद्यावरचा पंचा झटकला, हॉपरच्या शिडीकडे बोट केलं आणि विचारलं, "साहेब, त्या पोराचा एक पाय शिडीवर आणि एक टाकीवर हाय. तो मोजला का नाय?"

पोरगा खाली उतरला. आकडा ४८१ वर आला. ट्रिम पहिल्यापासून लावायला घेतले, आणि दुपारच्या जेवणाचे पैसे मुकादमाने माझ्याकडून घेतले.